चार बिघे ओल

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, संपतराव जगदाळे. बडोद्यात सगळ्यात भला माणूस कोण असं मला कोणी विचारलं तर मी त्यांचं नाव सांगेन, आणि सगळ्यात जास्त राग कोणाचा येतो असं विचारलं तरी त्यांचंच सांगेन. माझं डोकं लवकर तापतं हे अख्ख्या निजामपुऱ्याला ठाऊक आहे. शाळेत भूगोल शिकवताना मी कितीदा खडू आपटला असेल त्याला गणती नाही. पण घटकाभरात मी निवतो. दाजींच्या शेताचं जे झालं त्यावर मात्र मी अजून निवलेलो नाही.

जगदाळे मूळचे संस्थानच्या फौजेतले. दाजींचे पणजोबा घोडेस्वार, आजोबा पागेवर, वडील कुठल्याशा पलटणीत, आणि दाजी स्वतः रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. घोडा गेला, तलवार देवघरात गेली, गुजरात राज्य झालं, कूळकायद्यात जमिनीही गेल्या. जुना रुबाब तेवढा शिल्लक राहिला आणि तो सगळाच्या सगळा थोरल्या भावाच्या, पिलाजीरावांच्या वाट्याला आला. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. सुभानपुऱ्यात त्यांनी बंगला बांधला होता. त्यांचा आवाज मोठा, मिश्या मोठ्या आणि खरं सांगायचं तर मनही मोठं होतं. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

दाजी त्यांच्यासमोर कधी टेकून बसले नाहीत. बसायचंच झालं तर सोफ्याच्या काठावर, आत्ता उठायचंय अशा बेताने. पन्नाशी उलटलेला माणूस, हाताखाली माणसं असलेला, पण दादासाहेबांनी "संपत!" अशी हाक मारली की चहाचा कप अर्धा सोडून उठायचा. मी अक्काला म्हणायचो, "तुझ्या नवऱ्याच्या पाठीला कणा आहे की नाही?" अक्का म्हणायची, "आहे ने. पण तो दादासाहेबांना विचारून ताठ होतो."

तर कूळकायद्यातून वाचलेली जगदाळ्यांची चार बिघे जमीन डभोईच्या वाटेवर होती. काळी, खोल, चिकट जमीन. विहीर नाही, कालवा नाही, सगळी मदार आभाळावर. शेजारचा चतुरभाई पटेल ती भागाने करायचा. वर्षानुवर्षं त्यात कापूस घ्यायचा आणि दरवर्षी आदल्या वर्षाहून कमी निघायचं. दादासाहेबांना त्या जमिनीत रस नव्हता. दाजींना मात्र होता. वर्कशॉपातल्या ठोकाठोकीने त्यांचे कान बिघडले होते, डोक्यात चोवीस तास शिट्टी वाजायची. "मास्तर," ते मला एकदा म्हणाले, "त्या शेतात उभं राहिलं ने, की कान गप्प बसतात." निवृत्त झाल्यावर बांधावर दोन खोल्या घालून तिथेच राहायचं, असं त्यांनी आणि अक्काने ठरवलं होतं. अक्काने तर चूल कुठल्या कोपऱ्यात येणार तेही मनाशी पक्कं केलं होतं.

आणि त्याच सुमाराला डभोईच्या एका व्यापाऱ्याने जमीन मागितली. त्याला गोदामासाठी जागा हवी होती. दादासाहेब विकायला निघाले. सातबाऱ्यावर दोघांची नावं, पण कर्ते दादासाहेब. दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे हात जोडून काहीतरी मागितलं. दादासाहेब विरघळले. म्हणाले, "ठीक आहे. पुढचं सबंध वर्ष जमीन तुझ्या ताब्यात. मनासारखं पीक काढून दाखव, मी पुन्हा विक्रीचं नाव काढणार नाही. नाही निघालं तर मुकाट सही करायची."

"बरं, दादासाहेब," दाजी म्हणाले. एवढाच सौदा. चार माणसांसमोर झाला आणि त्या चारांत मीही होतो.

दाजींच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. वर्कशॉपातला त्यांचा एक जोडीदार खंभाताच्या पलीकडच्या भाल भागातला. त्याच्या गावी दाजी एकदा हिवाळ्यात गेले होते. तिकडे मैलोन् मैल झाड नाही की विहीर नाही, आणि गहू मात्र उभा. पावसाळाभर जमीन रिकामी ठेवायची, पडेल ते पाणी तिला पिऊ द्यायचं आणि त्या साठलेल्या ओलीवर दिवाळीच्या आगेमागे गहू पेरायचा. त्यानंतर कापणीपर्यंत थेंब पाणी द्यायचं नाही. दाजी ते पाहून आले ते वेडे होऊनच आले.

गोष्ट तशी साधी आहे. पाऊस पडला की काळी जमीन पाणी पिते. वर पीक असलं की ते पाणी पीक ओढून घेतं, तण माजलं तर तण घेतं. दोन्ही नसलं तरी ऊन आहेच. मातीचं तोंड कडक झालं की खालची ओल वर खेचली जाते आणि उडते. मग भेगा पडतात आणि भेगांतून वारा थेट तळाशी पोचतो. म्हणून पावसाने उघडीप दिली आणि वाफसा आला, म्हणजे माती पायाला चिकटेनाशी झाली, की लगोलग वखर फिरवायचा. तण मुळातून कापलं जातं आणि वरची चार बोटं माती मोकळी, भुसभुशीत होते. तेवढं पांघरूण वाळून जातं, पण खालचं राखतं. पुन्हा पाऊस पडला की माती पुन्हा बसते, म्हणजे पुन्हा वखर. "इतकं करूनही निम्म्याच्या वर जातंच," दाजी म्हणायचे. "राहील तेवढं आपलं."

त्या पावसाळ्यात दाजींनी रजा घेतल्या, रविवार घातले, चतुरभाईचे बैल मागून आणले. वखराची पास, म्हणजे माती कापणारं आडवं पातं, त्यांनी स्वतःच्या हाताने घडवली होती, रुंद आणि दाढी करावी इतकी धारदार. एका लोखंडी सळईला वर आडवी मूठ बसवून त्यांनी ओल तपासायचं हत्यार केलं होतं. सळई जमिनीत दाबायची. ओल आहे तिथपर्यंत ती शिऱ्यात चमचा जावा तशी जाते, कोरडं लागलं की अडते. मी गेलो की मला दाबायला लावायचे. माझ्या हाताला काहीच कळायचं नाही, पण त्यांचा चेहरा बघून मी "वा वा" म्हणायचो.

चतुरभाई बांधावर बसून विडी ओढायचा. "संपतभाई, चोमासामां खेतर खाली? लोको शुं कहेशे?" पावसाळ्यात शेत रिकामं ठेवलं तर लोक काय म्हणतील याची काळजी दाजींपेक्षा त्यालाच जास्त. आजूबाजूला सगळीकडे हिरवंगार आणि मध्ये आमचं चार बिघ्यांचं काळं टक्कल. येणारे-जाणारे हसायचे. वरवर बघता त्या शेतात काही म्हणजे काहीच नव्हतं. सगळी दौलत जमिनीच्या पोटात, आणि ती कोणाला काढून दाखवायची सोय नाही.

पाऊस त्या वर्षी सुरुवातीला चांगला झाला आणि लवकर संपला. भादव्यात चतुरभाईची तूर मान टाकायला लागली, तेव्हा आमची सळई मुठीपर्यंत आत जात होती. दाजी इतके खुशीत होते की त्यांनी अक्काला खोल्यांची जागा दोरी लावून आखून दिली.

गणपतीच्या जेवणाला सगळी भावकी सुभानपुऱ्याला जमली होती. पंगत उठल्यावर दादासाहेबांनी घसा खाकरला. "यंदा दसऱ्याचं सीमोल्लंघन आपल्या स्वतःच्या जमिनीवर! आजवर दुसऱ्यांच्या मैदानात जाऊन सोनं लुटलं. यंदा आपलं शेत रिकामं आहे. संपतच्या हातून शमीची फांदी तोडायची. मान त्याचा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जगदाळ्यांकडे हा मान लहानसहान नाही. शेतात शमीची फांदी रोवायची, तिची पूजा करायची, मानकऱ्याने घरच्या तलवारीने तिच्यावर वार करायचा आणि मग सगळ्यांनी पानं लुटायची. हा मान आजवर फक्त थोरल्या पातीकडे होता. दादासाहेबांनी तो धाकट्या भावाला दिला, तो प्रेमानेच दिला. मला ते तेव्हाही दिसत होतं.

दाजी उठून उभे राहिले. "दादासाहेब, शेत रिकामं नाहीये," ते म्हणाले. "आत ओल धरून ठेवलीय. वरची माती मोकळी राहिली पाहिजे. एवढी माणसं चालली तर ती दबेल."

"माती दबेल!" दादासाहेब गडगडाटी हसले. "अरे, आपले पूर्वज घोडदौडी करायचे, तेव्हा कोणाची माती दबली नाही. आणि तिथे आहे काय दबायला? एक रोप तरी आहे का?"

भावकी हसली. दाजींनी हसणाऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि खाली बसले, काठावरच. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्काने माझ्याकडे डोळे वटारले. तिचं बरोबर होतं. मी बायकोचा भाऊ. जगदाळ्यांच्या भावकीत मला पाहुणे म्हणायचे, आणि पाहुण्याने बासुंदी खावी, मत देऊ नये.

परत येताना दाजी मला समजावत होते. "माणसं तासभर चालतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वखर फिरवीन. एका दिवसात काही होत नाही." त्यांनी हिशोब बरोबरच केला होता. फक्त त्यात दादासाहेबांची हौस धरली नव्हती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दादासाहेबांचा निरोप आला: यंदा तलवारींच्या शेजारी संपतच्या वखराचीही पूजा, पास सुभानपुऱ्याला आणून द्यावी. जगदाळ्यांच्या घरची रीत अशी की खंडेनवमीला पूजलेलं हत्यार मानकऱ्याच्या तलवारीखेरीज कोजागिरीपर्यंत देवघरातून हलवायचं नाही. मी म्हणालो, "दाजी, देऊ नका. हरवली म्हणून सांगा." ते म्हणाले, "देवाच्या कामाला खोटं कसं बोलू?" नवमीला सकाळी पास तेल लावून, फडक्यात गुंडाळून ते घेऊन गेले. मीही बरोबर होतो, शिव्या गिळत.

दादासाहेबांनी पास हातात घेतली, धार बघून "वा!" म्हणाले, तिला हळदकुंकू लावलं. मग दाजींच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "संपत, तुझ्यासाठी एक गंमत करून ठेवलीय. धूळ उडून बायकामाणसांच्या पैठण्या खराब होतील, म्हणून काल शेत नीट करून घेतलं. ट्रॅक्टरला क्रिकेटच्या मैदानावरचा दगडी रूळ लावला आणि टँकर मागवून चांगलं पाणी शिंपडलं. परत एकदा रूळ फिरवला. असं गुळगुळीत झालंय, की पत्ते मांडून बसावं! आणि तुझ्या शेताला पाणीही मिळालं की नाही?"

दाजींच्या कानातली शिट्टी वाढली की ते उजव्या कानावर तळवा दाबायचे. तसा त्यांनी दाबला.

आम्ही एसटीने शेतावर गेलो. तशी जमीन मी फक्त नव्या वसाहतीतल्या रस्त्यांवर पाहिली होती. चार महिने राखलेलं ते भुसभुशीत पांघरूण दाबून, भिजवून, थापून चकचकीत केलं होतं. वर ऊन असं होतं की डोळे दिपत होते. काठाची काट्यांच्या कुंपणालगतची अरुंद पट्टी तेवढी राहिली होती, तिथे ट्रॅक्टर वळत नव्हता म्हणून. दाजी उकिडवे बसले आणि नखाने खरवडून बघू लागले. नख तुटलं. मला त्या वेळी काय वाटलं ते मी लपवत नाही, मला रडू आलं. दाजी रडले नाहीत. ते म्हणाले, "लवकर मोकळी केली तर अजून वाचेल."

ते चतुरभाईकडे गेले. त्याच्याकडे बाजरीची मळणी चालू होती, बैल खळ्यात फिरत होते. शिवाय दसऱ्याच्या दिवशी तो बैलांना जुंपणार नव्हता. "बे-त्रण दिवस खमो, संपतभाई," तो कळवळून म्हणाला. दोन-तीन दिवस थांबा. दुसरं कोण वखर देणार? जो तो आपल्या कामात होता.

दसऱ्याला भावकी दोन ट्रक भरून आली. मांडव घातला होता, लाउडस्पीकर लावला होता, टोपल्या भरभरून फाफडा आणि जलेबी आली होती. दाजींना फेटा बांधला. अक्का बायकांत उभी होती. तिने आखलेल्या दोन खोल्यांच्या जागेत मुलं बॅडमिंटन खेळत होती.

फांदी रोवायला खड्डा खणायचा होता. एका तरण्याबांड पुतण्याने पहार मारली. पहिले चार घाव ठणठणले. मग वरचा थर फुटला आणि पहार एकदम खाली गेली. त्याने माती उपसली. काळीभोर, थंड, लाडू वळावा अशी ओली माती. महिनाभर पाऊस नव्हता आणि आत ही माती! चार महिन्यांत पहिल्यांदा सगळ्या भावकीसमोर दाजींची दौलत उघडी पडली होती.

"अरे, आत तर केवढं ओलं आहे!" पुतण्या ओरडला. सगळे वाकून बघू लागले. दाजी पुढे सरकले. त्यांनी मूठभर माती उचलली, दादासाहेबांपुढे धरली. "दादासाहेब, हीच ती..."

"असणारच!" दादासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "परवा टँकर ओतलाय मी! पाणी म्हणजे पाणी असतं, संपत. उगाच चार महिने वखर फिरवत बसलास."

सगळे पुन्हा हसले. कौतुकानेच हसले. दाजींच्या हातात तलवार दिली. मुठीतल्या मातीचं काय करावं हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ती परत खड्ड्यात टाकली, फांदी रोवली, आणि वार केला. माणसं पानांवर तुटून पडली. मग सोनं देणं, पाया पडणं, फोटो. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणत शेकडो पाय त्या चार बिघ्यांवरून फिरत राहिले. दाजी प्रत्येकाला हसून पान देत होते. मलाही दिलं. मी घेतलं नाही, तर त्यांनी ते माझ्या खिशात घातलं.

पुढचे दिवस आम्ही नुसते बघत बसलो. आश्विनातलं ऊन, त्यात कोरडा वारा. तिसऱ्या दिवशी पहिली भेग दिसली, केसाएवढी. मग बोट जाईल एवढी. चतुरभाईने कबूल केल्याप्रमाणे बैल आणि त्याचा वखर दिला, पण तोवर माती वीट झाली होती. पास आत शिरेना, नुसती वरून घसरत जायची. जिथे शिरली तिथे ताटाएवढी ढेकळं निघाली. ढेकळांच्या मधून वारा आणखीच आत जाऊ लागला. कोजागिरीनंतर दाजी आपली पास घेऊन आले, तिनेही काही झालं नाही. सळई वीतभरावर अडायची.

एके दिवशी गेलो तर अक्का चतुरभाईच्या घरून घागरी आणून भेगांत ओतत होती. चार बिघ्यांना घागरीने काय होणार? पाणी भेगेत जायचं आणि दिसेनासं व्हायचं. दाजी तिला म्हणाले, "राहू दे येसू." ती थांबली नाही. तेही मग तिला थांबवायच्या भानगडीत पडले नाहीत. दोघंही घागरी वाहत होती आणि मी भूगोलाचा मास्तर बांधावर उभा होतो, कशाचाही उपयोग नसलेला.

दिवाळीनंतर दाजींनी तरी पेरलं. भालहून आणलेलं बी, पेरायला चतुरभाईची पाभर. ओल खोल गेली होती, तिथवर बी पोचत नव्हतं. शेतभर इथे चार, तिथे सहा अशी रोपं उगवली आणि थंडी सरेपर्यंत पिवळी पडून गेली. कुंपणालगतच्या त्या अरुंद पट्टीत मात्र गहू उभा राहिला. असा की चतुरभाई विडी टाकून तिथे जाऊन बसला. ओंब्या भरलेल्या, दाणे टपोरे, आणि पेरल्यापासून थेंब पाणी नाही. "आ तो कमाल छे, संपतभाई," तो म्हणाला. दाजी त्या पट्टीकडे बघायचे टाळत होते. मला वाटतं, काहीच उगवलं नसतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

कापणीच्या वेळी दादासाहेब मुद्दाम आले, वचनाप्रमाणे पीक बघायला. शेतभर हिंडले. मान हलवली. मग पट्टीपाशी उभे राहिले आणि बराच वेळ तिथे बघत राहिले. माझी आशा जागी झाली. माणूस मूर्ख नव्हता.

"उतार इकडे आहे," ते म्हणाले. "टँकरचं पाणी वाहून इकडे आलं असणार. बघ संपत, पाणी मिळालं तिथे पिकलं. पाण्याशिवाय शेती नाही. तू जीव तोडून केलंस, पण या जमिनीत आता दम राहिला नाही."

मग मात्र माझं डोकं फिरलं. पाहुणा असलो तर असलो. मी म्हणालो, "दादासाहेब, उतार तिकडे आहे, विरुद्ध बाजूला. ही पट्टी वाचली कारण इथे तुमचा रूळ पोचला नाही. तुमचा टँकर पोचला नाही. तुमचा दसरा पोचला नाही. सगळं शेत असंच आलं असतं. हे तुम्ही केलंत."

दादासाहेबांचा चेहरा उतरला. इतका मोठा माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. त्यांनी शेताकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग भावाकडे. आवाज अगदी खाली आला होता. "संपत, पाहुणे म्हणतायत ते खरं आहे का रे?"

एक शब्द पुरला असता. दादासाहेब शब्दाला पक्के होते. "हो" म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे आणखी एक वर्ष दिलं असतं, कदाचित जमीनच दिली असती. अक्का बांधावर उभी होती. दाजींनी कानावर तळवा दाबला.

"नाही, दादासाहेब," ते म्हणाले. "मास्तरांना शेतीतलं काय कळतंय?"

अक्का वळली आणि चालायला लागली. दादासाहेबांच्या चेहऱ्यावर परत रंग आला. घरी येताना एसटीत मी दाजींना तोंडाला येईल ते बोललो. तुम्ही स्वतःचं घर बुडवलंत, अक्काचं बुडवलंत. ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "ते सगळ्यांना सांगत सुटले असते, मी माझ्या भावाचं शेत घालवलं म्हणून. जेवले नसते ते मग. मला बघवलं नसतं." मी म्हणालो, "आणि अक्काकडे बघवतं?"

पट्टीतला गहू निघाला थोडाच. अक्काने त्याचे दोन वाटे केले आणि अर्धा सुभानपुऱ्याला पाठवला, कारण जमीन दोघांची. तिला मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "मग काय करू, मोहन?"

सहीच्या दिवशी मी गेलो नसतो, पण साक्षीदार कमी पडत होता. कचेरीबाहेर चहाची गाडी होती. व्यापारी आत कागद बघत होता, आम्ही तिघं बाकावर बसलो होतो, दाजी नेहमीप्रमाणे काठावर. दादासाहेबांनी बशीतला चहा फुंकून प्यायला आणि मोठ्या मायेने भावाच्या पाठीवर हात ठेवला.

"संपत, तू पाठवलेल्या गव्हाच्या पोळ्या केल्या रे घरी. इतका गोड गहू मी जन्मात खाल्ला नाही. चारही बिघ्यांत असाच आला असता, तर मी कशाला विकली असती?"

मी दाजींकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते.

"चला, दादासाहेब," ते म्हणाले. "आत बोलावतायत."